व्हिडिओतून फोटो काढायचाय? आधी रेझोल्यूशन नीट समजून घ्या

एका मिनिटाच्या व्हिडिओत, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर, १,५०० चित्रं असतात. त्यातलं एखादं तरी फोटो म्हणून ठेवण्याजोगं असणार, असं वाटणं साहजिक आहे, आणि बहुतेक वेळा असतंही. अडचण येते ती ते बाहेर काढल्यावर. व्हिडिओ चालू असताना लख्ख दिसणारा चेहरा फोटोत भुरकट दिसतो, हात पुसल्यासारखा होतो, लाल कपड्याच्या कडा विस्कटतात. मग माणूस म्हणतो, "पुढच्या वेळी ४के लावू." कधी त्याने काम होतं, कधी फक्त मेमरी कार्ड लवकर भरतं.

रेझोल्यूशन म्हणजे चित्रात किती पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) आहेत ते, आणि ती फक्त कमाल मर्यादा. त्या मर्यादेपर्यंत तुमची फ्रेम पोहोचते का, हे शटर (एक फ्रेम टिपायला दिलेला वेळ), उजेड आणि कॉम्प्रेशन (फाइल लहान करायला चित्र दाबून साठवणं) ठरवतात. म्हणून आधी आकडे, मग तुलना आणि मग फ्रेम बाहेर काढायची कृती, या क्रमाने जाऊ. कृतीचीच घाई असेल तर थेट "फ्रेम बाहेर काढणे" या भागावर उडी मारा, पण स्क्रीनशॉटबद्दलचा परिच्छेद मात्र चुकवू नका.

आकडे काय सांगतात

७२०पी, १०८०पी यांतला आकडा चित्राची उंची सांगतो, म्हणजे वरून खाली किती ओळी आहेत ते. ४के, ८के यांतला आकडा मात्र रुंदीवरून आला आहे, तोही ढोबळ. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. १०८०च्या चौपट म्हणजे ४के, असं काही त्या आकड्यांतून दिसत नाही, पण एकूण पिक्सेल मोजले की ते बरोबर निघतं.

- एचडी, ७२०पी: १२८० × ७२०, म्हणजे साधारण ०.९ मेगापिक्सेल
- फुल एचडी, १०८०पी: १९२० × १०८०, म्हणजे २.१ मेगापिक्सेल
- १४४०पी: २५६० × १४४०, म्हणजे ३.७ मेगापिक्सेल
- ४के यूएचडी, २१६०पी: ३८४० × २१६०, म्हणजे ८.३ मेगापिक्सेल
- ८के: ७६८० × ४३२०, म्हणजे ३३.२ मेगापिक्सेल

सिनेमाच्या कॅमेऱ्यांत ४०९६ × २१६० असंही एक ४के असतं. ते थोडं जास्त रुंद, बाकी फोटोच्या दृष्टीने फरक नगण्य.

चौपट पिक्सेल म्हणजे चौपट बारकावे नव्हेत, हे ध्यानात ठेवा. फुल एचडीवरून ४केवर गेलात की रुंदी दुप्पट होते आणि उंची दुप्पट होते. म्हणजे पापणीचा केस आधी एका पिक्सेलभर असेल तर आता दोन पिक्सेलभर. चांगली वाढ आहे, पण "चौपट" ऐकून जी अपेक्षा होते तेवढी नाही.

आता हे प्रिंटमध्ये मोजून पाहा, कारण खरा कस तिथे लागतो. इंचाला ३०० पिक्सेल हे चांगल्या प्रिंटचं नेहमीचं माप. त्या हिशेबाने फुल एचडी फ्रेम ६.४ × ३.६ इंच छापता येते आणि ४के फ्रेम १२.८ × ७.२ इंच. पण व्हिडिओची चौकट १६:९ असते आणि नेहमीचा ६ × ४ इंचांचा फोटो ३:२, त्यामुळे दोन्ही बाजू कापाव्या लागतात. फुल एचडीतून कापल्यावर १६२० × १०८० उरतं. ६ × ४ इंचांवर ते इंचाला २७० पिक्सेल पडतं. म्हणजे अल्बममधल्या फोटोला फुल एचडीची चांगली फ्रेम पुरते. ए४ आकार हवा असेल तर तीच फ्रेम इंचाला १३० पिक्सेलवर येते, आणि हातात धरून पाहिलं तर ते जाणवतं. ४केच्या फ्रेमला ए४वर इंचाला २६० पिक्सेल मिळतात, तिथे तक्रारीला जागा नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आडव्या व्हिडिओतून उभा फोटो काढताना. फुल एचडी फ्रेममधून २:३ प्रमाणाचा उभा तुकडा घेतला तर हातात ७२० × १०८० राहतं, म्हणजे पाऊण मेगापिक्सेलच्या आसपास. ४केमधून तोच तुकडा १४४० × २१६० येतो, ३.१ मेगापिक्सेल. एखाद्या माणसाचं उभं पोर्ट्रेट काढायचं ठरलेलंच असेल तर ४केचा खरा फायदा इथे आहे.

हातातली फाइल नेमकी कोणती?

फ्रेम काढण्याआधी मूळ फाइल शोधा. मेसेजिंग ॲपवरून आलेला व्हिडिओ मूळ नसतो. पाठवतानाच त्याचा आकार आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा साठवला जातो ते) दोन्ही उतरवलेले असतात. ज्याने चित्रीकरण केलं त्याला सांगा, व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा क्लाउडवर चढवून लिंक दे, किंवा सरळ केबलने कॉपी करून दे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांनी मिळून जेवढी सुधारणा होईल त्याहून जास्त या एका गोष्टीने होते. सीसीटीव्हीचंही तसंच. मॉनिटरसमोर मोबाइल धरून केलेल्या चित्रीकरणातून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, रेकॉर्डरमधून मुख्य स्ट्रीमची फाइल एक्स्पोर्ट करून घ्या. सब स्ट्रीम ही फक्त दुरून पाहण्यासाठी ठेवलेली हलकी प्रत असते.

फाइल मिळाली की तिची माहिती बघा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ उघडा आणि टूल्स मेनूतून कोडेक इन्फर्मेशन निवडा. विंडोजवर कंट्रोल आणि जे दाबलं तरी तीच खिडकी उघडते. तिथे रेझोल्यूशन, फ्रेम रेट आणि कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) दिसतो. फुल एचडी फाइलमध्ये कधी कधी शेजारी १९२० × १०८८ असाही आकडा दिसतो. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. एच.२६४ हा कोडेक चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे ठोकळे पाडतो, आणि १०८०ला १६ने भाग जात नाही. म्हणून तो आठ ओळी जास्तीच्या धरतो आणि दाखवताना कापून टाकतो.

बिटरेट पाहायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. हा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि माझ्या मते रेझोल्यूशनच्या खालोखाल सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. हिशेब करून बघू. फुल एचडीची एक फ्रेम, कॉम्प्रेशन न करता, व्हिडिओच्या नेहमीच्या ८ बिट पद्धतीत साधारण ३.१ एमबीची असते. सेकंदाला अशा २५, म्हणजे जवळपास ७८ एमबी. कॅमेरा मात्र सेकंदाला १६ मेगाबिटने लिहीत असेल तर, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला फक्त २ एमबी लिहितो. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ८० केबी. फॉरवर्ड होऊन आलेला ७२०पी व्हिडिओ २ मेगाबिटचा असेल तर फ्रेमला सरासरी १० केबी. एवढ्याशा जागेत चेहऱ्याचा पोत मावणार कसा?

दोन रेझोल्यूशनची तुलना कशी करावी

४के आणि फुल एचडीचे व्हिडिओ मोबाइलच्या पडद्यावर आलटून पालटून बघणं ही तुलना नव्हे. बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर ४केएवढे पिक्सेलच नसतात, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात आणि "काही फरक नाही बुवा" असा निकाल लागतो. नीट करायची तर अशी करा:

१. मोबाइल किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांना टेकवा, पण हलता कामा नये.

२. समोर बारीक तपशील असलेलं काहीतरी ठेवा. बारीक छपाईचं पान, झाडाची पालवी, विणलेलं कापड, केस. त्यात एखादी गडद लाल किंवा निळी वस्तू मुद्दाम ठेवा, का ते पुढे येईल.

३. उजेड न बदलता, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद करून, त्याच जागेवरून ७२०पी, १०८०पी आणि ४के अशा छोट्या क्लिप घ्या. प्रत्येकी दहा सेकंद पुष्कळ झाले. पहिल्या सेकंदातली फ्रेम घेऊ नका, एक्स्पोजर स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो.

४. प्रत्येक क्लिपमधून एक फ्रेम काढा आणि लहान फ्रेम फोटो एडिटरमध्ये मोठी करून सगळ्या ३८४० × २१६० या एकाच मापाला आणा. मग तिन्हींचा तोच कोपरा १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी बघा.

बारीक अक्षरं कुठल्या फ्रेममध्ये वाचता येतात आणि कुठल्या फ्रेममध्ये नुसत्या करड्या रेघा होतात, हे लगेच कळतं. एकदा उजेडात आणि एकदा संध्याकाळी घरातल्या दिव्यात करून बघा. उजेडात ४के स्पष्ट पुढे असतं. कमी उजेडात फरक पुष्कळदा आटतो, कारण कमी उजेडात सेन्सरमुळे चित्रात येणारे दाणे घालवायला मोबाइल चित्र गुळगुळीत करतो, आणि त्यात बारकावेही पुसले जातात.

आणखी एक चाचणी आहे, ती मला विशेष आवडते, कारण तिच्यापुढे जाहिरातीचं काही चालत नाही. ४के फ्रेम घ्या, ती १९२० × १०८० एवढी लहान करा आणि पुन्हा ३८४० × २१६० करा. आता ही फ्रेम मूळ फ्रेमवर ठेवून दोन्ही आलटून पालटून पाहा. फरक दिसला तर तुमचा ४के खरा. काहीच फरक दिसला नाही तर फाइलचं माप ४केचं आहे, बारकावे मात्र फुल एचडीचेच. स्वस्त ॲक्शन कॅमेऱ्यांत, डिजिटल झूम केलेल्या चित्रीकरणात आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या "४के" व्हिडिओंत हे सर्रास आढळतं.

लाल वस्तूचं राहिलं. बहुतेक व्हिडिओ ४:२:० पद्धतीने साठवले जातात. त्यात प्रत्येक पिक्सेलला उजळपणाची स्वतःची नोंद असते, पण रंगाची नोंद चार पिक्सेलना मिळून एकच. म्हणजे फुल एचडी फ्रेममध्ये रंगाचं रेझोल्यूशन प्रत्यक्षात ९६० × ५४० असतं. डोळ्याला हलत्या चित्रात ते कळत नाही, पण स्थिर फ्रेममध्ये लाल कडा मऊ आणि दातेरी दिसतात. ४केमध्ये रंगाचं रेझोल्यूशन १९२० × १०८० येतं. म्हणून ४केमध्ये चित्रीकरण करून फ्रेम फुल एचडीएवढी लहान केली, तर ती मूळच्या फुल एचडी फ्रेमपेक्षा सरस दिसते. दाणेही कमी होतात. शेवटी छोटाच फोटो लागणार असला तरी ४के लावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

४के असूनही फोटो हललेला का येतो

व्हिडिओ ओघवता दिसावा म्हणून शटर मुद्दाम हळू ठेवतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद, हा जुना नियम. कमी उजेडात मोबाइल त्याहूनही खाली उतरतो. आता समोरून आडवा पळत जाणारा माणूस घ्या, वेग सेकंदाला ५ मीटर. १/५० सेकंदात तो १० सेंटिमीटर पुढे सरकतो. चौकटीत ५ मीटरची रुंदी मावत असेल तर ४केमध्ये हे १० सेंटिमीटर म्हणजे ७७ पिक्सेल, आणि फुल एचडीमध्ये ३८. दोन्हीकडे तो सारखाच पुसलेला दिसणार. ४केने फक्त तो पुसटपणा जास्त पिक्सेलमध्ये टिपला. शटर १/५०० केलं की सरकणं १ सेंटिमीटरवर येतं आणि फोटो सुधारतो, मग रेझोल्यूशन कुठलंही असो.

म्हणून फोटो काढायच्या इराद्यानेच चित्रीकरण करत असाल, आणि समोर मुलं, खेळ, नाच किंवा पक्षी असतील, तर प्रो मोडमध्ये शटर १/२५० ते १/१००० दरम्यान ठेवा. व्हिडिओ थोडा तुटक वाटेल. व्हिडिओ आणि फोटो दोन्ही उत्तम हवेत, तर त्या भांडणात कोणाला तरी माघार घ्यावी लागते. ट्यूबलाइटखाली किंवा एलईडीखाली शटर फार वाढवलं तर चित्रावर पट्टे फिरतात, त्यामुळे घरात जपून.

स्लो मोशनचं काय? सेकंदाला २४० फ्रेम घेताना शटर १/२४०पेक्षा हळू असूच शकत नाही, त्यामुळे हालचाल छान गोठते. पण पुष्कळ मोबाइल या मोडमध्ये सेन्सरचा कमी भाग किंवा कमी ओळी वाचतात आणि फ्रेम दाणेदार, कच्ची येते. भर उन्हात जरूर वापरा, खोलीत नको.

काही कॅमेऱ्यांत हा सगळा विचार आधीच करून ठेवलेला आहे. पॅनासॉनिकने २०१४मध्ये '४के फोटो' नावाचा मोड आणला. त्यात सेकंदाला ३० वेगाने ८ मेगापिक्सेलचे फोटो व्हिडिओच्या रूपात टिपले जातात, आणि मागून हवा तो निवडून वेगळा करता येतो. २०१७च्या जीएच५ या कॅमेऱ्यात तेच १८ मेगापिक्सेलवर गेलं.

फ्रेम बाहेर काढणे

आधी एक नकार. मोबाइलवर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेऊ नका. स्क्रीनशॉट पडद्याचा असतो, व्हिडिओचा नव्हे. मोबाइल उभा धरलाय, पडदा १०८० पिक्सेल रुंद आहे आणि त्यावर आडवा ४के व्हिडिओ चाललाय, असं समजा. पडद्यावर तो व्हिडिओ १०८० × ६०७ एवढ्या पट्टीत दिसतो. ८.३ मेगापिक्सेलच्या फ्रेममधून तुमच्या हाती जेमतेम ०.७ येतं, म्हणजे साधारण तेरावा हिस्सा. वर बटणांची चिन्हं आणि बॅटरीचा आकडा फुकट. कॉम्प्युटरवर लहान खिडकीत व्हिडिओ चालवून घेतलेल्या स्क्रीनशॉटचंही हेच.

मोबाइलवर: गूगल फोटोजमध्ये व्हिडिओ उघडून एडिटमध्ये गेलात की एक्स्पोर्ट फ्रेम हा पर्याय मिळतो. काही कंपन्यांच्या गॅलरीत व्हिडिओ थांबवला की कोपऱ्यात फ्रेम टिपायचं छोटं चिन्ह येतं. ते वापरल्यावर आलेल्या फोटोचे तपशील उघडून माप नक्की बघा. ४के व्हिडिओतून काढलेला फोटो ३८४० × २१६० नसेल तर ते ॲप मधल्या मध्ये लहान करतंय, दुसरं शोधा.

कॉम्प्युटरवर, व्हीएलसीने: हव्या त्या क्षणाच्या थोडं आधी व्हिडिओ थांबवा. आता ई हे अक्षर दाबत राहा, प्रत्येक वेळी एक फ्रेम पुढे सरकते. हवी ती फ्रेम आली की व्हिडिओ मेनूतून टेक स्नॅपशॉट निवडा; विंडोज आणि लिनक्सवर शिफ्ट आणि एस दाबलं तरी चालतं. खिडकी केवढीही असो, फोटो व्हिडिओच्या मूळ मापाचा येतो आणि पिक्चर्स फोल्डरमध्ये जातो. एक फ्रेम पुढे गेलात तर ई दाबून परत येता येत नाही, म्हणून तर आधी थांबायचं.

मागेपुढे सारखं करावं लागत असेल तर एमपीव्ही हा प्लेअर घ्या. दिसायला रुक्ष आहे, पण या कामात त्याच्याइतका सुटसुटीत दुसरा मला माहीत नाही. पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे, स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे. एस दाबला की सबटायटल्ससकट चित्र साठवलं जातं, शिफ्ट आणि एस दाबला की त्यांच्याशिवाय. तो जेपीजीत साठवतो, सेटिंगमध्ये पीएनजी करून ठेवा.

मॅकवर वेगळं काही घ्यायची गरजही पडत नाही. क्विकटाइम प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून बाणाच्या कळांनी फ्रेमगणिक सरका, कमांड आणि सी दाबून कॉपी करा, मग प्रिव्ह्यू उघडून कमांड आणि एन दाबा. फ्रेम समोर येते, सेव्ह करा.

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रंग सुधारून मग फ्रेम काढता येते, हा मोठा फायदा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टखाली करंट फ्रेम ऐज स्टिल आहे, प्रीमियर प्रोमध्ये मॉनिटरखाली कॅमेऱ्याचं चिन्ह आहे. पण इथे एक सापळा आहे. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात १९२० × १०८०ची असते. त्यात ४के क्लिप टाकून फ्रेम काढली तर ती गुपचूप फुल एचडीची निघते, आणि कुठलीही सूचना येत नाही. आधी टाइमलाइन ३८४० × २१६० करून घ्या.

दर दोन सेकंदांनी एक अशा ढीगभर फ्रेम हव्या असतील, तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सगळ्या सेटिंग दाखवायला सांगा, व्हिडिओखालच्या फिल्टर्समध्ये सीन व्हिडिओ फिल्टरवर खूण करा, आणि त्याच्या पानावर फोल्डरचा पत्ता आणि रेकॉर्डिंग रेशो भरा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत रेशो ५० ठेवला की दर दोन सेकंदांनी एक चित्र मिळतं. काम झालं की ती खूण काढा, नाहीतर पुढे काहीही पाहिलंत तरी व्हीएलसी इमानेइतबारे फोल्डर भरत राहील.

नेमकी कुठली फ्रेम?

हालचालीच्या टोकाला थांबा. उडी सगळ्यात वर पोहोचते तो क्षण, झोका परत फिरतो तो क्षण, बोलता बोलता माणूस श्वास घ्यायला थांबतो तो क्षण. तिथे वेग जवळजवळ शून्य असतो आणि १/५० शटरलाही स्वच्छ चित्र मिळतं. कॅमेरा फिरत असेल तर तो थबकल्यानंतरच्या फ्रेम पाहा.

शेजारशेजारच्या दोन फ्रेम एकसारख्या दिसत असल्या तरी दर्जात फरक असू शकतो. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. कीफ्रेमवर जास्त जागा खर्च होते, म्हणून कमी बिटरेटच्या व्हिडिओत ती आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा उजवी निघते. त्यामुळे आवडलेल्या क्षणाच्या मागच्या-पुढच्या पाच-सहा फ्रेम काढून १०० टक्क्यांवर तपासा. डोळे आणि केस बघा, बाकी काही बघायची गरज नाही. आणि दृश्य बदलल्याबरोबरची पहिली काही चित्रं, किंवा पाण्याच्या तुषारांसारखं सगळंच हलतंय अशी चित्रं, यांत ठोकळे जास्त दिसतात. तिथे फार अपेक्षा ठेवू नका.

जुन्या टेपवरचे व्हिडिओ

यांची दोन दुखणी. पहिलं, कडेला कंगव्यासारखे दाते. जुने कॅमेरे इंटरलेस्ड पद्धतीने टिपायचे, म्हणजे एका फ्रेमच्या विषम ओळी एका क्षणी आणि सम ओळी १/५० सेकंदानंतर. हललेली वस्तू दोन ठिकाणी उमटते. १०८०आय असं लिहिलेलं असेल तर हाच प्रकार. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस सुरू करा आणि मग फ्रेम काढा. हालचालीच्या जागी उभं रेझोल्यूशन निम्मं होतं, त्याला इलाज नाही.

दुसरं, चेहरे लांबट किंवा पसरट दिसणं. या टेपवरचे पिक्सेल चौरस नसतात. पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) व्हिडिओतून काढलेला फोटो ७२० × ५७६ आला असेल, तर एडिटरमध्ये त्याचं माप ७६८ × ५७६ करा, आणि रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला असेल तर १०२४ × ५७६. प्रमाण कायम ठेवण्याची खूण आधी काढायला हवी.

काढल्यानंतर

फ्रेम पीएनजीत ठेवा. व्हिडिओचं एक कॉम्प्रेशन झालेलंच आहे, त्यावर जेपीजीचं दुसरं नको. सगळे फेरफार संपले की शेवटची प्रत जेपीजीत काढा.

रंग फिके, राखेसारखे आले असतील तर व्हिडिओ बहुधा एचडीआर आहे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणारा. आयफोन १२पासून पुढे कॅमेरा आपणहून एचडीआरमध्ये चित्रीकरण करतो, आणि साधा प्लेअर त्यातून फ्रेम काढताना रंग नीट उतरवत नाही. त्याच फोनच्या किंवा मॅकच्या ॲपमधून फ्रेम काढून बघा. पुढच्या चित्रीकरणासाठी सेटिंगमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, आणि तिथे एचडीआर बंद.

दाणे फार असतील आणि दृश्य स्थिर असेल, तर एक युक्ती आहे जी नुसत्या फोटोत करता येत नाही. ओळीने १६ फ्रेम काढा, एडिटरमध्ये एकावर एक लेअर ठेवा आणि त्यांची सरासरी घ्या. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, चित्र त्याच जागी असतं. १६ फ्रेमच्या सरासरीत दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात, ४ फ्रेम घेतल्या तर निम्म्यावर. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर इमारत, मूर्ती, फळ्यावरचा मजकूर यांसाठी हे फार कामाचं. माणसं असतील तर सोडून द्या.

शार्पनिंग अगदी बेताने करा, त्याने ठोकळ्यांच्या कडाही धारदार होतात. एआयने फोटो मोठा करून देणारी ॲप भिंत, पान, कापड यांवर बरी चालतात. चेहऱ्यावर ती नसलेले बारकावे स्वतःच रचतात. फोटो कोणाची ओळख पटवायला किंवा पुरावा म्हणून द्यायचा असेल तर त्यांना हातही लावू नका, मूळ फ्रेम आणि मूळ व्हिडिओच द्या.

आणि फाइलला नाव देताना चित्रीकरणाची तारीख टाका. काढलेल्या फ्रेममध्ये ती सहसा येत नाही, फ्रेम काढली त्या दिवसाची तारीख लागते, आणि गॅलरी तो फोटो आजच्या फोटोंत नेऊन ठेवते. व्हिडिओचं मूळ नाव आणि त्यातली वेळ, म्हणजे अमुक मिनिट अमुक सेकंद, हेही नावातच लिहिलंत तर उद्या शेजारची फ्रेम हवी झाली की पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.